मुर्धा फायनल

पास्कल, तू गेल्यावर आपलं ऑफिस एक तासही बंद पडलं नाही. गुरुवारी संध्याकाळी तुझ्या बायकोचा, ॲग्नेसचा फोन आला, आणि शुक्रवारी सकाळी सरिताने नेहमीसारखे कॉम्प्युटर सुरू केले तर ते नेहमीसारखे सुरू झाले. तुझ्या पद्धतीप्रमाणे अर्धा पासवर्ड तिच्याकडच्या बंद पाकिटात होता, अर्धा माझ्या कपाटात. आम्ही दोघींनी शेजारी बसून तो जोडला, हार्ड डिस्क उघडली, एक जुनी फाइल मागवून बघितली. आली. कुणालाही फोन करून विचारावं लागलं नाही. तुला हे फार आवडलं असतं. मला नाही आवडलं. निदान एक दिवस तरी सगळं अडून बसायला हवं होतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी यातलं मी काही लिहिणार नाहीये. माहिती देण्याच्या बाबतीत तू किती चिकट होतास ते मला माहीत आहे. मला लिहायचंय ते आपल्या एका भांडणाबद्दल. ते अर्धवट राहिलं. हिराबाईंना सांगायचं की नाही, एवढाच त्याचा विषय. तू म्हणत होतास सांगायचं, मी म्हणत होते नाही. दोन वर्षं आपण त्यावर भांडलो, आणि तू मध्येच उठून गेलास.

वाचणाऱ्यांना पाहुण्यासारखं ताटकळत ठेवायला नको म्हणून थोडं सांगते. मी भाईंदर पश्चिमेला वकिली करते. जागाजमिनीची आणि घरगुती कामं घेते. ऑफिसात मी, माझी क्लार्क सरिता, आणि दर शुक्रवारी पास्कल. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून तू स्वखुशीने निवृत्ती घेतलीस, तारोडीला घरी बसलास, आणि बसणं तुला जमेना. मग आमच्यासारख्या चार-पाच छोट्या वकिलांचे कॉम्प्युटर आणि कागद सांभाळायला लागलास. कॉम्प्युटर आणि कागद, असं तू मुद्दाम म्हणायचास. दोन्ही सांभाळले नाहीत तर एकही सांभाळला जात नाही, हे तुझं मत.

पहिल्या दिवशी तर तू कॉम्प्युटरला हातही लावला नव्हतास. आलास तो शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन. मला वाटलं, काय माणूस आहे, कामाचं बोलायला आलाय आणि खात खात येतोय. तू शेंगदाणे खिशात ओतलेस, पुडीचा कागद उलगडून माझ्या टेबलावर ठेवलास आणि विचारलंस, "मॅडम, हे तुमचं का?" आमच्याच एका घटस्फोटाच्या अर्जाचं सातवं पान होतं ते. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं, आणि वर मिठाचे कण. आमची रद्दी कोपऱ्यावरच्या चणेवाल्याकडे जाते हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला राग आला, पण तो रद्दीचा नाही, तुझा आला. पहिल्याच भेटीत समोरच्याला उघडं पाडणारा माणूस ऑफिसात नको, असं मी सरिताला सांगितलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन करून म्हटलं, शुक्रवारपासून ये.

पुढच्या काही महिन्यांत तू आम्हाला सळो की पळो करून सोडलंस. कागद बारीक कापायचं यंत्र आणवलंस. सरिताच्या कीबोर्डखाली चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढून तिच्याच हातावर ठेवलीस. माझा पासवर्ड तू तीन प्रयत्नांत ओळखलास आणि वर म्हणालास, मॅडम, तुमच्या मुलीचं नाव तर बाहेरचा वॉचमनही सांगेल. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरात लिहायचा, आणि मेल किंवा व्हॉट्सॲपवरून गेलेलाही लिहायचा, हा नियम तू केलास. मी नाक मुरडलं. टपालाची वही ठीक आहे, पण बोटाने दाबून जे जातं त्याची कसली नोंद? तू म्हणालास, बोटाने दाबून जातं तेच तर जास्त लांब जातं. सरिता लगेच तुझ्या बाजूची झाली. मी मात्र कधी लिहायचे, कधी विसरायचे, आणि विसरले की मला आठवण करून द्यायची तुझी पद्धत फार त्रासदायक होती. तू काही बोलायचा नाहीस. रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवायचास आणि पेनाचं टोपण काढून द्यायचास.

दर शुक्रवारी तू आठवड्याच्या सगळ्या कामाची कॉपी असलेली डिस्क घेऊन जायचास आणि आधीची आणून ठेवायचास. ऑफिसला आग लागली, पाणी शिरलं, तरी काम दुसरीकडे शाबूत असायला हवं म्हणून. ती दुसरी जागा म्हणजे ॲग्नेसचं साड्यांचं कपाट. डिस्कला कुलूप होतंच, म्हणजे चोराने नेली तरी त्याला काही वाचता आलं नसतं, पण सुकटीचा वास मात्र तिला लागायचाच. मी चिडवायचे की आमच्या अशिलांची गुपितं तू बोंबलांत वाळत घातलीयेस. तू गंभीरपणे म्हणायचास की कपाट माजघरात आहे आणि बोंबील अंगणात. एकदा सकाळी ऑफिसातल्या सगळ्या फाइली कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केल्या आणि पडद्यावर इंग्रजीत धमकीची चिठ्ठी आली, तेव्हा त्याच वासाच्या डिस्कवरून तू दुपारी चारपर्यंत सगळं परत उभं केलंस. दुसऱ्या दिवशी माझी दोन प्रकरणं होती. तू नसतास तर मी कोर्टात रिकाम्या हाताने उभी राहिले असते. मी तुला काय म्हणाले, आठवतंय? जेवणाची सुट्टी घेतली नसतीस तर तीन वाजताच झालं असतं. आभार मानायचं माझ्या तोंडाला वळणच नाही, पास्कल. ते आता मानतेय, उशिरा.

आता हिराबाई. नावं मी बदललीयेत, एवढं तू शिकवलंयस. गाव मात्र तेच ठेवलंय, कारण गाव बदललं तर झालेली चूकच कुणाला कळणार नाही.

हिराबाई मुर्ध्याच्या. साठी ओलांडलेली, मूलबाळ नाही, नवरा गेला आणि धाकट्या दिराशी वाटपाचा दावा सुरू झाला. राहतं घर, विहीर, रस्त्याकडचा तुकडा आणि खाडीकडची पट्टी. त्यांना अक्षरओळख जेमतेम. म्हणून बहिणीचा मुलगा नितेश प्रत्येक वेळी बरोबर यायचा. तो नवघरला राहायचा, तिथून स्कूटर घेऊन मुर्ध्याला जायचा, मावशीला बसवून माझ्याकडे आणायचा आणि प्रत्येक कागद तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. हिराबाई डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच एखाद्या शब्दाला हात वर करायच्या, की नितेश ते वाक्य परत वाचायचा. तूही एकदा काम थांबवून बघत बसला होतास.

दाव्यात कोर्टाने मध्यस्थीची बैठक लावली. बैठकीआधी मी आमच्यापुरतं एक खासगी टिपण केलं होतं. आधी काय मागायचं, मग कशावर यायचं, आणि अगदीच नाइलाज झाला तर खाडीकडची पट्टी सोडायची पण घर, विहीर आणि रस्त्याकडचा तुकडा सोडायचा नाही. हे शेवटचं फक्त चौघांना माहीत होतं, मला, सरिताला, हिराबाईंना आणि नितेशला. तू सांगितलं होतंस की असली टिपणं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दाव्याच्या कागदांत मिसळू नका. मी म्हटलं होतं, मला फोनवर सगळं एका ठिकाणी लागतं. सरिताने माझ्या हुकमावरून सगळं एकात जोडलं आणि फाइलीला नाव दिलं, मुर्धा फायनल.

बैठकीत दिराच्या वकिलाने तोंड उघडलं तेच खाडीकडची पट्टी म्हणून. बाकी सगळं तुमचं राहू द्या, म्हणाला, आम्हाला तेवढीच हवी. मी अर्धी पट्टी देऊन बघितली, वहिवाट देऊन बघितली, पण तो एक पाऊल हलला नाही. आमची शेवटची तडजोड आधीच कळलेल्या माणसासारखा निवांत बसला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण हिराबाई थकल्या होत्या, सही करून मोकळं व्हायचं होतं त्यांना. पट्टी गेली. त्या पट्टीवर त्यांच्या नवऱ्याने हाताने लावलेली झाडं होती, आणि ती आपल्याकडे राहील असं मी त्यांना अर्धंअधिक कबूल केलं होतं.

दोन दिवसांनी हिराबाई कागद घ्यायला ऑफिसात आल्या, त्या दिवशी शुक्रवार होता. तू टेबलाखाली वाकून वायर जोडत होतास. नितेश माझ्यासमोर बसला होता. हिराबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "घरातलाच कोनतरी फुटला, मॅडम. नायतर त्यांना कसा कलला?" नितेशचा चेहरा पडला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. असं कशावरून, अजून काही सिद्ध नाही, एवढं तरी. वकील आहे मी, संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा हे माझं रोजचं काम. पण मी मूग गिळून बसले. टेबलाखालून तू वर आलास आणि माझ्याकडे बघितलंस.

पुढच्या आठवड्यात तू न सांगता कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलास. आमच्याकडची निम्मी वकीलमंडळी तिथेच जातात. घाई झाली की फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची आणि कोर्टात लागणाऱ्या हिरव्या कागदावर काढून घ्यायची, ही सगळ्यांची सवय, माझीही. तू दुकानदार कीर्तीभाईंशी हिंदीत गप्पा मारल्यास, त्यांचा कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून साफ करून दिलास, आणि साफ करता करता काय काय पडलंय ते बघितलंस. त्यात मुर्धा फायनल नावाच्या दोन फाइली होत्या. एक माझ्या फोनवरून आलेली, एक दिराच्या वकिलाच्या क्लार्ककडून. गावच्या दाव्याला त्यांनीही गावाचंच नाव दिलं होतं आणि शेवटच्या मसुद्याला फायनल म्हटलं होतं. सगळं जग हेच करतं. कीर्तीभाईंना सगळं आठवत होतं आणि त्यात काही वावगं वाटतही नव्हतं. ते म्हणाले, "मॅडमने बोला था पहले का बाईस पन्ना निकालो, तो निकाला. बाद में दूसरा वाला आया, उसको गलती से मॅडम का पूरा निकल गया. वो दो दिन बाद वापस देके गया, बोला ये मेरा नहीं है."

दोन दिवस. मधल्या दोन दिवसांत आमचं टिपण त्यांच्या टेबलावर होतं, आणि तिसऱ्या दिवशी बैठक.

शुक्रवारी तू आलास, दार लावून घेतलंस आणि उभ्या उभ्याच म्हणालास, "मॅडम, कुणी फुटलं नाही. फाइल तुमच्या फोनवरून गेलीय." मी आधी नाही म्हटलं. मग रजिस्टर मागितलं. रजिस्टरात नोंद नव्हती, कारण ती मीच केली नव्हती. मग मी फोन उघडला, आणि तिथे ते होतं. मसुद्यातली एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून मी घाईघाईने पूर्ण फाइल पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, पहिली बावीस पानं काढा. आमचं टिपण तेविसाव्या पानापासून होतं.

तू तीन गोष्टी मागितल्यास. दुकानाच्या नंबरवर यापुढे काही पाठवायचं नाही, ऑफिसात चांगला प्रिंटर घ्यायचा. मी कबूल झाले. झाली ती चूक रजिस्टरात लाल शाईने लिहायची आणि खाली मी सही करायची. चरफडत केली. तिसरी गोष्ट, हिराबाईंना सांगायचं.

ते मी केलं नाही. माझ्याकडे कारणांची काय कमी होती. तडजोड दोघांच्या सहीने झाली होती, ती आता उलटणं कठीण. सांगून पट्टी परत मिळणार नाही, नुसता मनस्ताप. भाईंदरसारख्या गावात एक अशील बिथरलं की दहा जणांच्या कानावर जातं. शिवाय मावशी-भाच्याचं काय, आज रुसतील, उद्या बोलतील. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आणि यातल्या एकाही कारणासाठी मी गप्प नव्हते, मी घाबरले होते. तीस वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

ती दोघं बोलली नाहीत. तारोडीला जाणारी तुझी उत्तनची बस रोज मुर्ध्यावरून जायची, त्यामुळे बातम्या तू आणायचास. आज त्या थांब्यावर एकट्याच उभ्या होत्या. आज दवाखान्याची पिशवी होती हातात, रिक्षा मिळत नव्हती. नितेश तुला एकदा स्टेशनजवळ भेटला, मावशीने दारातूनच परत पाठवलं म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला, भर रस्त्यात, पस्तिशीचा माणूस. हे सगळं तू सपाट आवाजात सांगायचास, डिस्क पिशवीत ठेवता ठेवता, आणि शेवटी विचारायचास, "सांगितलं?" मी म्हणायचे, बघू. दर शुक्रवारी हेच.

एका शुक्रवारी माझा तोल गेला. तू कॉम्प्युटरचं बघ, मी म्हटलं, अशिलाचं मी बघते. रागावलास की तुझ्या बोलण्यात तारोडी यायची, तशी ती आली. "अशिलाचंच बघतोय मी. कॉम्प्युटरात दुसरं हाय काय?" तू म्हणालास. "कुलूप लावायचं ते त्यांच्यासाठी, मॅडम. तुमच्यासाठी न्हाय. त्यांचं त्यांच्यापासूनच लपवायला मी ह्या वयात बस पकडून येत न्हाय."

मला वाटलं तू आता येणं बंद करशील. पुढच्या शुक्रवारी वेळेवर आलास. डिस्क बदललीस, प्रिंटरचा रोलर पुसलास, सरिताच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केलीस, आणि निघताना काही विचारलं नाहीस. त्यानंतर कधीच विचारलं नाहीस. मला वाटायचं सुटका झाली, तर तसं काही झालं नाही. तू दारापर्यंत गेलास की मी वाट बघायचे, आता विचारेल. तू चपला घालायचास आणि येतो म्हणून जायचास. चार-पाच महिने असे गेले. त्यातल्या कुठल्याही शुक्रवारी मी म्हणू शकले असते, पास्कल, चल, जाऊन येऊ मुर्ध्याला, तुझ्या वाटेवरच आहे. आपण दोघं एकाच बसने गेलो असतो.

तुझ्या मातीला मी आणि सरिता आलो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. ॲग्नेसने मला आत नेलं, कपाट उघडलं आणि साड्यांखालून आपली डिस्क काढून दिली. तुझं अंत्यदर्शन घ्यायला आलेल्या बाईला आधी तिचा माल परत, तुझ्याच शिस्तीत वाढलेली ती. म्हणाली, ते म्हणायचे, हे आपलं नाही, हे लोकांचं आहे, सांभाळून ठेव. मी डिस्क पर्समध्ये टाकली आणि मग रडले. त्याआधी रडू आलं नव्हतं.

चर्चमध्ये तुझ्या महिन्याच्या मिस्सेला मी एकटी आले होते. मराठीतली प्रार्थना, ओळखीचे शब्द, तरी माझं लक्ष नव्हतं. परतीच्या बसमध्ये मुर्ध्याचा थांबा आला तेव्हा मी उतरले. ठरवून वगैरे नाही. दुपारचे चार वाजले असतील. हिराबाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी बसा म्हटलं आणि त्यांच्यासमोर खालीच बसले. आणि सांगितलं. फाइल, दुकान, बावीस पानं, दुसरा क्लार्क. माझ्या हातून झालं, घरातलं कुणी फुटलं नव्हतं, आणि हे मला त्याच महिन्यात कळलं होतं. हे शेवटचं वाक्य गिळून टाकावंसं फार वाटलं, पास्कल. ते गाळलं असतं तरी बाकीचं खरंच राहिलं असतं. ते गाळलं नाही, एवढं माझ्या नावावर लिही.

त्या ऐकत होत्या त्या डोळे मिटून नाही, माझ्याकडे बघत. शेंगा सोलणं थांबलं होतं. मग विचारलं, "नितेसला ठावा हाय?" मी नाही म्हटलं. "मंग मना काय सांगता? आदी त्याला सांगा." आतून फोन आणला, नंबर त्यांनीच लावला, तो त्यांनी काढून टाकला नव्हता, आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून नितेश, मावशी, मावशी म्हणत होता, घाबरून, काहीतरी बरंवाईट झालं असेल म्हणून. मी म्हटलं, नितेश, मी वकील बोलतेय, मावशी बऱ्या आहेत. आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त कठीण गेलं. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, दोन दिवाळ्या मी त्या घरात पाय ठेवला नाही." मग म्हणाला, तिला द्या. हिराबाईंनी फोन घेतला आणि त्या आत गेल्या. मी थोडा वेळ पडवीत बसले. मग मला कुणी बसायला सांगितलेलं नाही हे लक्षात आलं, आणि निघाले.

सोमवारी दोघं ऑफिसात आली. स्कूटरचा आवाज मी वर बसून ओळखला. हिराबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं की माझे सगळे कागद मला द्या, आम्ही दुसरा वकील करणार. मला ज्याची भीती होती तेच झालं, तेही मध्ये दोन वर्षं घालवून. सरिताने फाइल आणली. तुझ्या पद्धतीने यादी केली, एक एक कागद मोजून दिला, आमच्याकडच्या प्रती त्यांच्यासमोर पुसल्या आणि पुसल्याचं लिहून दिलं. नितेश यादी मावशीला मोठ्याने वाचून दाखवत होता. एका ठिकाणी हिराबाईंनी हात वर केला आणि त्याने ती ओळ परत वाचली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

निघताना मी म्हटलं, हिराबाई, मला हे सगळं एका ठिकाणी लिहायचंय, नाव बदलून, तुमची हरकत नसेल तर. त्यांनी विचारलं, कुणासाठी लिहिणार? आमच्या ऑफिसात एक माणूस होता, मी म्हटलं, तुम्हाला सांगा म्हणून तो माझ्या मागे लागला होता, दोन वर्षं. मग तेव्हा नाही तर आत्ता का सांगितलं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तो गेला. गेल्या महिन्यात. त्याच्या मिस्सेहूनच मी तुमच्याकडे आले होते.

हिराबाईंनी पिशवी खांद्याला लावली. नितेश खाली स्कूटर काढायला गेला होता. त्या दारात थांबल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं, रागाने नाही.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पन मंग त्याचेसाठी आलात तुमी. माजेसाठी न्हाय."

आणि जिना उतरून गेल्या. पास्कल, तू असतास तर तूही माझी बाजू घेतली नसतीस.